आधी चाल, मग शब्द

सप्ताह बसायचा ठरला की गावात सगळ्यात आधी नावे लिहिली जातात ती वीणेच्या पहाऱ्यासाठी. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही, हा दंडक. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दुसऱ्याच्या तिसऱ्याच्या. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. आणि शेवटी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाची पंगत. शेवगाव तालुक्यात हे वेळापत्रक कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मंडपाचा खर्च लोकवर्गणीतून निघतो आणि नावाजलेल्या कीर्तनकारांच्या तारखा कितीतरी महिने आधी धरून ठेवलेल्या असतात.

संगीत ऐकून माणसाला काय सुचते, या विषयाची प्रस्तावना एरवी मैफलीपासून, स्टुडिओपासून, नाहीतर एखाद्या प्रतिभावंताच्या चरित्रापासून होते. ती इथे सप्ताहाच्या मंडपापासून करण्याचे कारण साधे आहे. मंडपात ऐकणारा, गाणारा आणि गोष्ट सांगणारा ही तीन वेगळी माणसे नसतात. यंदा पुढे बसून मान डोलावणारा पोरगा पुढच्या साली टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहतो, आणि काही वर्षांनी अशा पोरांतलाच एखादा फेटा बांधून कीर्तनाला उभा असतो. गाण्यातून गाणे कसे निघते आणि गाण्यातून गोष्ट कशी निघते, हे उघड्यावर पाहायला मिळण्याच्या जागा फार नाहीत. ही त्यांतली एक.

शेवगाव हे तसे बाजाराचे गाव. कापूस, ऊस, तूर, बाजरी. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि जायकवाडी धरणाचा नाथसागर. पाऊस बेताचा. या गावाच्या नावाने गायकीचे घराणे नाही. पण नकाशावर बोट ठेवले की ध्यानात येते, मराठी गाण्याच्या सगळ्या जुन्या वाटा याच्या आसपासून गेल्या आहेत. पलीकडच्या काठाला पैठण: सातवाहनांची राजधानी, हालाच्या 'गाथासप्तशती'शी जोडलेली, आणि पुढे एकनाथांची कर्मभूमी. शेजारच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दक्षिणेला पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचे स्थान, जिथे यात्रेला भटक्या जमाती लांबलांबून येतात आणि गाढवांचा बाजार भरतो. तिथेच मोहट्याची देवी आणि भगवानगड. तालुक्यातच गोदाकाठी मुंगी, जी एका परंपरेप्रमाणे निंबार्काचार्यांची जन्मभूमी. आषाढीला पैठणहून पंढरपूरला निघालेली एकनाथांची पालखी याच तालुक्यातून पुढे बीड जिल्ह्यात उतरते. गाथा, ओवी, अभंग, भारूड, गोंधळ, नाथपंथी भिक्षेकऱ्यांची पदे असा मराठी गाण्याचा निम्मा पसारा इथल्या एका दिवसाच्या फेरीत बसतो.

कीर्तन उभे राहण्याआधीची दहा मिनिटे नीट पाहावीत. मृदंग वाजवणारा भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या तोंडावर थापतो, बोटांनी पसरतो, थाप मारून ऐकतो, जराशी कणीक खरवडून काढतो, पुन्हा थाप मारतो. उजव्या तोंडाला शाई कायमची चढवलेली असते. तिथला सूर तो गट्ट्यांवर हातोडीचे बारीक ठोके देत पेटीच्या पट्टीला मिळवतो. मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा लागतात. मग गजर, रूपाचा अभंग, आणि त्यानंतर कीर्तनकार निरूपणासाठी निवडलेला अभंग घेतो. ध्रुपद एकदा म्हणून झाले की ते त्याचे एकट्याचे राहत नाही. टाळकरी ते उचलतात, लय चढवतात, पावल्या पडू लागतात, मृदंग बोल टाकत सुटतो, आणि बऱ्याच वेळाने सगळे एका ठोक्यावर थांबते. त्या थांबण्यात कीर्तनकार बोलायला सुरुवात करतो. अर्थ सांगायची पाळी येते तेव्हा अभंग मंडळींच्या अंगात आधीच भिनलेला असतो.

निरूपणात प्रमाण येते. कीर्तनकार तुकोबांच्या किंवा नामदेवांच्या चरणाचा पहिला शब्द तोंडातून काढतो न काढतो तोच गायनाचार्य तो चरण चालीत उचलतात. हा पाठांतराचा खेळ दिसतो. नुसत्या पाठांतराने तो साधत नाही. कथेचा रोख कुठे चालला आहे हे गाणाऱ्याला ओळखावे लागते. चांगला गायनाचार्य रोजची चाल बाजूला ठेवून त्याच चरणाला दुसरी चाल लावतो, प्रसंग हळवा असेल तर वरच्या पट्टीतून एकदम खाली उतरतो. आणि मग उलट गोष्ट घडते. चाल अशी लागली की कीर्तनकार हाताशी ठेवलेला दृष्टांत सोडून भलताच घेतो. गाण्याने कथेला वळण दिले, हे श्रोत्यांना कळतही नाही. 'आज महाराज रंगले' एवढेच म्हणत ते घरी जातात.

या रंगण्याचा शरीरातला भाग विज्ञानाने थोडाफार मोजला आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हॅलोरी सॅलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवते. आणि ते फक्त अंगावर काटा येण्याच्या क्षणी नव्हे, तर त्या क्षणाची वाट पाहतानाही, मेंदूच्या निराळ्या भागात. ध्रुपदाची लय चढत असताना मंडप कशाने ताणला जातो, याचे उत्तर काही अंशी इथे मिळते. काही अंशीच. त्या प्रयोगातला श्रोता यंत्रात एकटा पडून होता. मंडपातला श्रोता शेकडोंत बसलेला असतो, त्याच्या हातात टाळी असते, शेजारी त्याचा चुलता आणि मागे त्याचा मास्तर असतो. समूहात हा अनुभव दुप्पट होतो की वेगळाच होतो, हे त्या आकड्यांतून निघत नाही.

प्रेरणा म्हटली की आपण विजेच्या लखलखाटाची चित्रे रंगवतो. कवी नदीकाठी बसला, वारा सुटला, ओळ सुचली. गोदाकाठचा इतिहास याहून जमिनीवरचा आहे. इथे सुचण्याची सुरुवात बहुधा उसनवारीने झाली. कानावर पडलेली चाल सुटेना, म्हणून माणसाने तिच्यात आपले शब्द भरले. या भागातल्या मोठ्यात मोठ्या रचनाकारांनी हेच केले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

एकनाथांचे उदाहरण घ्यावे. काळ १५३३ ते १५९९. माणूस पंडित. भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा, १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा. या माणसाचे लक्ष पैठणच्या रस्त्यावर होते. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, पंचांग काखेला मारून भविष्य सांगणारा जोशी, संबळ वाजवणारा गोंधळी, अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज, कोल्हाटी, भुत्या. प्रत्येकाची चाल ठरलेली, लकब ठरलेली, दारात उभे राहताच घरातल्या पोरांना ती पाठ. नाथांनी हे साचे जसेच्या तसे उचलले. विंचू चावल्याचा थयथयाट, सासरच्या माणसांना कंटाळलेल्या सुनेचा देवीला नवस, जोश्याचे होरा सांगणे: ऐकणाऱ्याला वाटावे, आपल्या गल्लीतलेच सोंग आले. लोक हसून मोकळे होतात, आणि मग कळते की विंचू म्हणजे काम-क्रोध. भारूड आजही याच क्रमाने रंगते. आधी हशा, मग चपराक.

नाथ हे मोठे रचनाकार होते याचे एक कारण, ते आधी मोठे श्रोते होते. पण एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. ज्यांच्या गळ्यातून या चाली आल्या, त्या गोंधळ्या-वासुदेवांपैकी एकाचेही नाव कुठे लिहिलेले नाही. नाथांनी त्यांना भारुडात पात्र केले, बोलायला जागा दिली, हे खरेच. श्रेय मात्र कागदाकडे गेले, कारण गळ्याला दप्तर नसते.

ओवीची कथाही अशीच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानदेवांनी नेवाशात ओवी हाती घेतली तेव्हा ती मुसळाच्या ठोक्यावर घटवून तयार होती. भगवद्गीतेवर बोलायला त्यांनी पंडिती वृत्त न घेता हे घरगुती माप घेतले, आणि शेवटी आपल्या ओवीबद्दल सांगितले की गायली तर ती शोभतेच, पण न गाताही रंग दाखवते. हे विधान धाडसाचे आहे. गाण्यातून उचललेला छंद गाण्यावाचून उभा राहू शकतो, असा तो दावा. नऊ हजार ओव्यांच्या पारायणाला आज जे शेकडो लोक बसतात, ते मात्र ज्ञानदेवांचे अर्धेच ऐकतात. ते ओवी गातात.

बायकांची ओवी पोथीत गेली नाही, ती जात्याजवळ राहिली. तिथे दोघी समोरासमोर बसायच्या, एकीचा हात खुंट्याला आणि दुसरीचाही. एकीने पहिली ओळ म्हणायची, फेरा पूर्ण होईतो थांबायचे, मग दुसरी ओळ. चाल ठरलेली, शब्द मोकळे. भावाचे नाव, माहेरच्या गावाचे नाव, सासूचा एखादा बोल त्यात घातला की ती ओवी आपली झाली. तीत सीता असते आणि सीतेच्या तोंडून स्वतःचे दुःखही असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने, म्हणजे 'पारी'ने, त्या लोकांसमोर आणायला घेतल्या. जगात जिथे जिथे बायकांच्या मौखिक कवितेचा विचार होतो तिथे या साठ्याकडे पाहावेच लागेल. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बाईची मेहनत वाचली, हे चांगलेच झाले. मात्र पहाटेचा तो एक तास, ज्यात ती न विचारता कविता करत होती, तोही गेला. तो परत आणा असे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात.

चाल आधी आणि शब्द मागून, ही रीत पुढे छापखान्यातही उतरली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, 'सौभद्र' १८८२ साली. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके उघडली तर पदाच्या डोक्यावर राग-तालाच्या जोडीला 'चाल' असा उल्लेख करून दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचे नाव दिलेले सापडते. लपवाछपवी नाही. वाचकाने ती चाल मनात धरावी आणि नवे शब्द तीत म्हणून पाहावेत, अशी अपेक्षा. साकी, दिंडी ही कीर्तनातली मापे नाटकात अशीच आली.

'प्रभात'च्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नवा लिहिला. केशवराव भोळ्यांचे संगीत, विष्णुपंत पागनिसांचा गळा. तो इतका तुकोबांचा वाटला की जाणकारही गाथेत तो शोधत बसले, असे सांगतात. आजही कित्येक भजनी मंडळी तो तुकोबांचा म्हणूनच गातात. आठवल्यांना याहून मोठी पावती कोणती मिळायची होती कोणास ठाऊक. ज्याच्या कानात अभंग मुरला आहे तोच असे लिहू शकतो. नुसते छंदशास्त्र शिकून ते येत नाही.

शेवगावच्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या नगर शहरात (आताचे अहिल्यानगर) याच रीतीने एक मोठे काम आधीच झाले होते. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून तिथे होते, आणि प्रार्थनेची विलायती गीते मराठी तोंडात अवघडून जात. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला आले. त्यांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन हे सगळे आपले जुने धन चर्चमध्ये नेले. धर्म बदलला, कान बदलला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि ते लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. जिल्ह्यातल्या चर्चमध्ये आजही टाळ-मृदंगाची भजने होतात. याच नगरमध्ये १९१८ साली जन्मलेला एक ख्रिस्ती मुलगा, शाहू मोडक, १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानदेव झाला आणि कृष्णाच्या भूमिका करत देशभर गाजला. लोकांना त्यात वावगे वाटले नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची वाट वेगळी, पण सुरुवात तीच. मुंबईत कामगारवस्तीत असताना कोणी तरी पत्र वाचून द्या म्हणाले आणि ते वाचता आले नाही, म्हणून अक्षरे शिकलेला हा माणूस. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर, विडंबन म्हणून. पुढे बाबासाहेबांचा विचार त्यांनी गावोगाव गाण्यातून पोहोचवला. ज्याला भाषण कळायला वेळ लागेल त्याला गाणे पहिल्या फेरीत कळते, आणि दुसऱ्या फेरीत तो स्वतः म्हणू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. चाल ओळखीची असेल तर पहिली फेरीही लागत नाही.

हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे. इंग्रज गायक-संगीतकार पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची धून झोपेत सुचली, आणि खरे शब्द मिळेपर्यंत तो तीत नाश्त्याच्या अंड्यांबद्दलचे काहीबाही शब्द घालून ती गुणगुणत होता. त्याला भीती ही, की ही चाल आपण कुठे तरी ऐकली तर नाही ना? कित्येक दिवस तो लोकांना गाऊन दाखवून विचारत राहिला. गोदाकाठच्या रचनाकाराला ही भीती शिवली नसती. ऐकली असेल तर उत्तमच, लोकांना लवकर येईल, असे तो म्हणाला असता.

उसनवारीला मर्यादा असावी का, हा वाद भजनी मंडळांत दरसाल होतो. चालू सिनेमाच्या धडाकेबाज चालीवर अभंग बसवला की पोरे खूश होतात आणि जुने टाळकरी तोंड फिरवतात. जुन्यांची तक्रार सोवळेपणाची नसते. त्यांचे म्हणणे असे की सिनेमाची चाल ऐकताना डोळ्यांपुढे सिनेमाच येतो, विठ्ठल येत नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाल रिकामी नसते. आधीच्या शब्दांची आठवण तिला चिकटलेली असते. नाथांनी गोंधळ्याची चाल घेतली ती त्या आठवणीसकट, मुद्दाम. जिथे ती आठवण कामाला लावली जात नाही, तिथे नुसती नक्कल उरते. या वादात जुन्यांची बाजू जरा अधिक भक्कम आहे.

गोष्ट सांगणाऱ्यांकडे वळले की गाण्याचे आणखी एक काम दिसते. लग्नानंतर घरात गोंधळ घातला जातो तेव्हा पहिला भाग आवाहनाचा: तुळजापूर, माहूर, जेजुरी, कोल्हापूर, सगळ्या देवांना चौकात बोलावायचे. मग आख्यान. संबळ, तुणतुणे, दिवटी. एक नाईक आणि त्याला प्रश्न विचारणारा, चेष्टा करणारा, झील धरणारा साथीदार. झील लांबली की नाईकाला पुढचा प्रसंग जुळवायला अवधी मिळतो. प्रेक्षकांत पेंग दिसली की संबळ तडतडते. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उपजल्याची कथा सांगणारे 'जांभूळ आख्यान' परभणीच्या राजारामबापू कदमांनी आणि शाहीर विठ्ठल उमपांनी लोकांपुढे उभे केले, ते याच बांधणीच्या जोरावर. ही कथा नुसती वाचून दाखवली तर वाद पेटेल. गायली जाते, म्हणून ऐकली जाते.

हार्वर्डच्या मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर महाकाव्य गाणारे लोक शोधले. अवदो मेजेदोविच हा निरक्षर गायक, त्याने बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य त्यांना सांगितले. ते पाठ नव्हते. ठरावीक शब्दबंध आणि वाद्याची लय यांच्या आधाराने तो गाता गाता रचत होता. लॉर्डच्या १९६० च्या पुस्तकाने होमरकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गोंधळ्याच्या चौकात बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण आपल्या विद्यापीठांनी गोंधळाकडे तितक्याच चिकाटीने पाहिले असते तर बरे झाले असते.

लिहिणाऱ्यांच्या गद्यातही हे उतरते. अण्णा भाऊ साठे आधी शाहीर. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली 'लाल बावटा कलापथक' उभे करणारे, स्टालिनग्राडवर पोवाडा रचणारे. मग १९५९ ची 'फकिरा' कादंबरी. तिची वाक्ये मोठ्याने वाचली की डफाचा ठेका जाणवतो: आखूड वाक्य, झेप, पुन्हा आखूड वाक्य. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये तमाशाच माणसाला घडवतो आणि मोडतो. ग. दि. माडगूळकर हे कथाकार, पटकथाकार आणि गीतकार एकाच देहात. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, वर्षभरात ५६ गीते झाली, सुधीर फडक्यांनी प्रत्येकाला चाल दिली. या रचनेची खरी करामत पहिल्याच प्रसंगात आहे. लव-कुश रामाची कथा रामालाच गाऊन दाखवतात. ऐकणारा हाच कथेचा नायक, आणि गाणारी त्याची मुले, हे त्याला ठाऊक नाही. रेडिओला हार घालून लोक ते ऐकायला बसत, या आठवणी अजून सांगितल्या जातात.

या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की अहिल्याबाईंनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी डफ टाकला आणि ते कीर्तनाकडे वळले. कथा लोकप्रिय असण्यामागे तिची शिकवण आहे: तमाशा वाईट, कीर्तन चांगले. पण फंदींचे फटके वाचले तर त्यांत लावणी-पोवाड्याचा ठसका जागचा हललेला नाही. माणूस कीर्तनाला उभा राहिला, तो तमाशाचा गळा घेऊनच. याच संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसाची पवळा पुढे तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली, आणि तिच्यासाठी लावण्या लिहिणारे पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी होते. त्यांचा कान लहानपणी जात्यावरच्या ओव्यांनी तयार झाला, असे सांगतात. जाते ते फड, हे अंतर दिसते तेवढे लांबचे नाही. देवळातले गाणे आणि फडातले गाणे यांच्यात भिंत बांधण्याचा उद्योग समाजाने पुष्कळ केला. चालींनी ती कधी मानली नाही.

आता कीर्तने यूट्यूबवर आहेत. पूर्वी एखादी नवी चाल एका तालुक्यातून दुसऱ्यात जायला वारी व्हावी लागे. आता रात्री गायलेली चाल सकाळी फोनवर येते आणि पुढच्या सप्ताहात दुसऱ्या गावाचा पोरगा ती म्हणतो. ऊसतोडीला शेवगाव-पाथर्डीकडून निघालेल्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरवरही हीच गाणी असतात, मधेच लावणी, मधेच भीमगीत. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कीर्तन शिकवण्याची एक घडी बसली. आता तालुक्या-तालुक्यात लहान वर्ग आहेत, मुली मृदंग वाजवताना दिसतात, बायकांची कीर्तने रीतसर लागतात. सगळेच काही गोड नाही. मोठ्या नावांची बिदागी मोठी झाली आहे, ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात आणि टाळांचा आवाज त्यांत बुडतो. विनोदासाठी ऐकली जाणारी कीर्तने अभंगापेक्षा जास्त पाहिली जातात.

शिवाय एक उणीव जुनीच आहे. गाथा छापल्या गेल्या, त्यांच्या चाली नाहीत. एकच अभंग दहिगावला एका चालीत आणि बोधेगावला दुसऱ्या चालीत म्हटला जात असेल, तर ती चाल कोणाची, कोणाकडून आली, हे विचारायला गेल्यावर 'आमच्या बुवांची' एवढेच उत्तर मिळते. बुवा गेले की तेवढेही मिळत नाही.

या विषयात शिरू पाहणाऱ्याने पुस्तकाआधी एखादा सप्ताह गाठावा, आणि काल्याच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी पंगतीची घाई असते, पुढाऱ्यांचे सत्कार असतात. तिसऱ्या-चौथ्या रात्री जावे, टाळकऱ्यांच्या जवळ बसावे. गर्दी बेताची असते, गायनाचार्यांचा गळा तापलेला असतो, मृदंग वाजवणाऱ्याला कोणाला दाखवायचे नसते, आणि जागराला उरलेली मंडळी अशा चाली काढतात ज्या दिवसा कोणी म्हणत नाही.